लखनौच्या वास्तू आणि छायाचित्रातील सरळ रेषा

उत्तर प्रदेशची राजधानी लखनौ येथील बडा इमामबाडा, रूमी दरवाजा, छोटा इमामबाडा आणि हुसैनाबादचा घड्याळ मनोरा या वास्तूंची छायाचित्रे देशभरातील पर्यटक काढत असतात. या छायाचित्रांपैकी बहुतेकांत इमारत मागे रेललेली दिसते. तिच्या भिंती वर जाताना एकमेकींकडे झुकतात, मधली कमान चौकटीच्या मध्यावरून थोडी सरकलेली असते आणि जमिनीची रेषा एका बाजूला उतरते. घरगुती संग्रहासाठी हे दोष फारसे मनावर घेण्यासारखे नाहीत. मात्र वास्तूची नोंद म्हणून काढलेल्या छायाचित्रात त्यांना वेगळे महत्त्व प्राप्त होते. भिंत खरोखर झुकली आहे की कॅमेरा झुकला होता, हे त्या छायाचित्रावरून सांगता आले नाही, तर ते दुरुस्तीच्या कामी फारसे उपयोगी पडत नाही.

लखनौच्या संदर्भात हा प्रश्न अधिक गंभीर आहे. मार्च १८५८ मध्ये इंग्रज सैन्याने शहर पुन्हा ताब्यात घेतल्यानंतर लष्करी अभियंता रॉबर्ट नेपियर याच्या आराखड्यानुसार दाट वस्तीतून रुंद रस्ते काढण्यात आले आणि त्यासाठी जुन्या शहराचा मोठा भाग पाडण्यात आला. नवाब वाजिद अली शाह यांनी १८४८ ते १८५० या काळात उभारलेल्या कैसरबागेचा बराचसा भागही पुढे नाहीसा झाला. त्यातील काही इमारती कशा होत्या, हे आज प्रामुख्याने छायाचित्रांवरूनच कळते.

रेषा का झुकतात

यामागील कारण साधे आहे. कॅमेऱ्यातील संवेदक, अर्थात पूर्वीची काच किंवा फिल्म, इमारतीच्या दर्शनी भिंतीशी समांतर असेल, तर भिंतीच्या उभ्या रेषा चित्रातही समांतर राहतात. उंच इमारतीचा माथा चौकटीत यावा म्हणून कॅमेऱ्याचे तोंड वर केले की संवेदक भिंतीशी समांतर राहत नाही. मग माथा कॅमेऱ्यापासून अधिक दूरचा ठरतो आणि लहान उमटतो, तर पाया जवळचा ठरतो आणि मोठा उमटतो. लांबवर गेलेले रेल्वेचे रूळ जसे एकमेकांजवळ येताना दिसतात, तसेच येथे भिंतींच्या बाबतीत घडते. फरक इतकाच, की रुळांचे जवळ येणे डोळ्याला मान्य असते आणि भिंतींचे खटकते. उभा माणूस मान वर करून इमारत पाहतो तेव्हाही त्याच्या नेत्रपटलावर भिंती झुकलेल्याच उमटतात. परंतु मान वर केली आहे याची मेंदूला जाणीव असल्याने तो त्या सरळ मानून घेतो. कागदावरील चित्राला ही सवलत मिळत नाही.

कॅमेरा तीन प्रकारे चुकू शकतो. तो वर किंवा खाली झुकला तर उभ्या रेषा एकत्र येतात. तो डावीकडे किंवा उजवीकडे वळला तर आडव्या रेषा, म्हणजे छज्जे, कठडे आणि पायऱ्या, एका टोकाला निमुळत्या होतात. तो स्वतःभोवती कलला तर संपूर्ण इमारतच कलते. यांपैकी शेवटचा दोष नंतर सहज काढता येतो. पहिला काहीशा तडजोडीने काढता येतो. दुसरा दोष बहुतेक वेळा उभे राहण्याची जागाच चुकल्यामुळे निर्माण होतो. जागा चुकली असेल तर पुढचा मनोरा मागच्या घुमटाच्या मध्यावर येण्याऐवजी बाजूला येतो आणि त्यावर नंतर कोणताही उपाय चालत नाही.

गवंडी भिंत बांधताना ओळंबा सोडतो आणि पाणसळ लावतो. वास्तूचे छायाचित्रण करणाऱ्यालाही हीच दोन साधने लागतात. तिपाईच्या माथ्यावर बसवलेली बुडबुड्याची लहान पाणसळ ही महागड्या लेन्सपेक्षा अधिक उपयोगाची वस्तू आहे. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत आणि मोबाइलमध्ये पडद्यावर आखीव जाळी दाखवण्याची सोय असते. काहींत विजेवर चालणारी पाणसळही असते. इमारतीच्या डाव्या आणि उजव्या कडेपासून जाळीच्या रेषेपर्यंतचे अंतर सारखे आहे किंवा नाही, हे पाहण्यास काही क्षण पुरतात.

किती अंतरावर उभे राहावे

कॅमेरा सपाट ठेवायचा आणि इमारतीचा माथाही चौकटीत आणायचा, तर मागे जावे लागते. किती मागे, याचे गणित शालेय भूमितीतील समरूप त्रिकोणांचे आहे. हुसैनाबादचा घड्याळ मनोरा १८८१ साली बांधण्यात आला आणि त्याची उंची सुमारे ६७ मीटर आहे. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर, संवेदक ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा, लेन्स २४ मिलिमीटरची आणि चौकट उभी, असे गृहीत धरले, तर संपूर्ण मनोरा येण्यासाठी त्यापासून सुमारे ८७ मीटर दूर उभे राहावे लागते. चौकट आडवी धरली तर हे अंतर १३१ मीटर होते. जुन्या शहरात इतकी मोकळी जागा नेहमी मिळत नाही, आणि मिळाली तरी मध्ये विजेचे खांब, झाडे आणि उभी वाहने येतात.

रूमी दरवाजाची उंची साठ फूट, म्हणजे सुमारे १८ मीटर आहे. तेथे आडव्या चौकटीत त्याच लेन्सने ३३ मीटर मागे जावे लागते. माथा येतो, परंतु चित्राचा जवळजवळ अर्धा खालचा भाग रस्त्याने व्यापला जातो. कॅमेरा सपाट ठेवण्याची ही किंमत आहे. अनेक छायाचित्रकार ती आनंदाने देतात आणि खालचा भाग नंतर कापून टाकतात. चित्राचा आकार लहान होतो, भिंती मात्र उभ्या राहतात.

एकोणिसाव्या शतकातील मोठ्या लाकडी कॅमेऱ्यांत याहून चांगली सोय होती. अशा अनेक कॅमेऱ्यांची पुढची पाटी, जिच्यावर लेन्स बसवलेली असते, ती वर सरकवता येत असे. कॅमेरा सपाटच राहतो, काच भिंतीशी समांतर राहते, आणि लेन्स काही मिलिमीटर वर गेल्याने रस्त्याऐवजी इमारतीचा माथा काचेवर उतरतो. काचेवरचे चित्र उलटे दिसत असल्याने छायाचित्रकार डोक्यावर काळे कापड घेऊन इमारत पायाखाली आकाश असल्यासारखी पाहत असे. अनुभवी लोकांच्या मते याचा फायदाच होतो, कारण उलट्या चित्रात डोळा इमारतीचा अर्थ विसरतो आणि रेषा पाहू लागतो.

लहान आकाराचे कॅमेरे आल्यावर ही सोय बराच काळ मागे पडली. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी जपानच्या निकॉन कंपनीने लहान कॅमेऱ्यासाठी सरकणारी लेन्स बाजारात आणली. त्यानंतर अशा लेन्स इतर कंपन्यांनीही तयार केल्या. २४ मिलिमीटरची अशी लेन्स १० मिलिमीटर वर सरकवली, तर रूमी दरवाजा ३३ ऐवजी सुमारे १८ मीटरवरून पायापासून माथ्यापर्यंत चौकटीत बसतो. घड्याळ मनोऱ्यासाठी १२ मिलिमीटर सरकवल्यास ८७ मीटरऐवजी ५२ मीटर पुरतात. या लेन्सच्या किमती मात्र सामान्य छायाचित्रकाराला परवडणाऱ्या नाहीत.

मध्यरेषेचा शोध

सममितीच्या दृष्टीने लखनौतील सर्वांत शिकवणारी जागा हुसैनाबाद इमामबाडा, अर्थात छोटा इमामबाडा ही आहे. नवाब मुहम्मद अली शाह यांनी तो १८३८ साली बांधला. प्रवेशद्वारातून आत आल्यावर समोर लांबट हौद, त्याच्या टोकाला सोनेरी घुमटाची मुख्य इमारत आणि हौदाच्या दोन्ही बाजूंना ताजमहालाची आठवण करून देणाऱ्या दोन लहान इमारती, अशी ही रचना आहे. या दोहोंपैकी एक शहजादी झीनत आसिया यांची कबर आहे. दुसरी तिच्यासमोर केवळ तोल साधण्यासाठी उभारण्यात आली. मोगल वास्तुपरंपरेत अशा जोड-इमारतीला ‘जवाब’ म्हणतात. आग्र्याला ताजमहालाच्या पश्चिमेला मशीद आहे आणि पूर्वेला तिच्याच आकाराची जी इमारत आहे, ती या जवाबाचे सर्वपरिचित उदाहरण होय. सममितीसाठी संपूर्ण इमारत बांधण्याची तयारी असलेल्या कारागिरांच्या कामाचे छायाचित्र काढताना दोन पावले डावीकडे उभे राहणे हा त्यांच्यावर अन्यायच म्हणावा लागेल.

अशा जागी मध्यरेषा डोळ्याच्या अंदाजाने सापडत नाही. त्यासाठी मध्यरेषेवरील दोन वस्तू लागतात, एक जवळची आणि एक दूरची. छोट्या इमामबाड्यात हौदाच्या अलीकडच्या काठाचा मध्य ही जवळची खूण आणि मुख्य घुमटाचा कळस ही दूरची खूण धरता येते. दोन्ही एका उभ्या रेषेत येईपर्यंत छायाचित्रकाराने डावी-उजवीकडे सरकायचे. दोन्ही खुणांमधील अंतर जितके जास्त, तितकी ही पद्धत अचूक ठरते. त्यानंतर कॅमेरा वळवून कळस चौकटीच्या मध्यावर आणायचा. या दोन कृतींचा क्रम बदलल्यास गोंधळ होतो. आधी चौकट जुळवून मग जागा बदलणारे पर्यटक बराच वेळ पुढे-मागे करताना दिसतात.

हौदातील प्रतिबिंब हा येथील दुसरा साहाय्यक आहे. स्थिर पाण्यातील प्रतिबिंब वस्तूच्या बरोबर ओळंब्यात खाली पडते. कळस आणि त्याचे प्रतिबिंब यांना जोडणारी रेषा चित्रात तिरकी येत असेल, तर कॅमेरा कलला आहे हे निश्चित. वारा नसलेल्या सकाळी ही तपासणी कोणत्याही उपकरणाशिवाय करता येते.

बडा इमामबाडा : जेथे तोल मुद्दाम नाही

बड्या इमामबाड्याचा प्रकार निराळा आहे. १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून नवाब आसफउद्दौला यांनी हे बांधकाम हाती घेतले. किफायतुल्ला हे त्याचे वास्तुशिल्पी मानले जातात. सुमारे ५० मीटर लांब, १६ मीटर रुंद आणि १५ मीटर उंच असलेल्या मधल्या दालनात एकही खांब किंवा तुळई नाही. लाखोरी नावाच्या पातळ विटा आणि चुना यांवरच संपूर्ण छत तोलले आहे. वरच्या मजल्यावरील प्रसिद्ध भूलभुलैया या छताचाच भाग आहे.

तीन कमानींच्या प्रवेशद्वारांतून आत गेल्यावर मुख्य इमारत समोर येते. ती स्वतः अत्यंत सममित आहे. परंतु तिच्या प्रांगणात पाहुण्याच्या उजव्या हाताला, म्हणजे पश्चिमेला, आसफी मशीद आहे आणि डाव्या हाताला शाही बावडी आहे. दोहोंत आकाराचे कोणतेही साम्य नाही. शिवाय मशीद इमामबाड्याच्या भिंतींशी समांतर नाही, तर कोन करून उभी आहे. मशिदीचे तोंड किब्ल्याच्या दिशेने ठेवणे बंधनकारक होते, तर इमामबाड्याची दिशा तशी बांधलेली नव्हती. धर्माच्या नियमाने भूमितीच्या नियमावर मात केल्याचे हे उदाहरण आहे.

छायाचित्रकाराची परीक्षा येथे होते. मशिदीचे दोन्ही मिनार आणि इमामबाड्याचा दर्शनी भाग एकाच चौकटीत घेतला, तर दोन्ही इमारती एकाच वेळी सरळ दिसणे शक्य नाही. एक समोरून दिसेल आणि दुसरी तिरकी. काही छायाचित्रांत मशीद अशा ठिकाणाहून घेतलेली असते, की दोन्ही इमारती काटकोनात असल्याचा भास होतो. चित्र देखणे होते, परंतु प्रांगणाविषयी त्यातून चुकीची माहिती मिळते. महाराष्ट्रातील वाचकांना याला जवळचे उदाहरण छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील बीबी का मकबऱ्यात पाहता येईल. तेथे चौथऱ्याच्या पश्चिमेकडील मशीद निजामाच्या काळात नंतर बांधली गेली आणि मूळचा तोल बदलला. प्रचारपत्रकांसाठी काढल्या जाणाऱ्या चित्रांत ही मशीद अनेकदा कौशल्याने चौकटीबाहेर ठेवली जाते.

काचेवरचे लखनौ

लखनौच्या वास्तूंची छायाचित्रे काढण्यास १८५७ पूर्वीच प्रारंभ झाला होता. हुसैनाबाद इमामबाड्याचे दरोगा अहमद अली खान, जे ‘छोटे मियाँ’ या नावाने ओळखले जात, ते या शहराच्या आद्य छायाचित्रकारांपैकी एक होत. ज्या वास्तूची देखभाल त्यांच्याकडे होती, तिची भूमिती त्यांना कोणत्याही पाहुण्यापेक्षा अधिक ठाऊक असणार, हे उघड आहे.

१८५८ मध्ये फेलिचे बेआतो हा इटालियन वंशाचा छायाचित्रकार लखनौला आला. क्रिमियाच्या युद्धाची छायाचित्रे काढण्याचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. तोफांनी फुटलेली रेसिडेन्सी, छत्तर मंझिल, कैसरबाग आणि इमामबाडे यांची त्याने घेतलेली चित्रे आज जगभरच्या संग्रहांत आहेत. सिकंदर बागेच्या अंगणात विखुरलेले मानवी सांगाडे दाखवणारे त्याचे छायाचित्र सर्वाधिक प्रसिद्ध आहे. ते सांगाडे चित्रासाठी मांडून घेतले असावेत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. हाडे हलवता येतात, इमारत हलवता येत नाही. त्यामुळे त्याच चित्रातील भग्न भिंती आणि कमानी यांची साक्ष अधिक भरवशाची ठरते.

बेआतोने उंच जागेवरून अनेक काचा एकापुढे एक जोडून शहराची लांबट दृश्येही टिपली. अशा दृश्यांत सरळ रेषेचा एक वेगळाच प्रश्न उद्भवतो. प्रत्येक काचेसाठी कॅमेरा थोडा वळवलेला असल्याने प्रत्येक काचेचे यथार्थदर्शन स्वतंत्र असते. दोन काचांवर पसरलेली लांब भिंत सांध्यापाशी मोडल्यासारखी दिसते. आज मोबाइल फिरवून काढलेल्या लांब चित्रात तीच भिंत धनुष्यासारखी वाकते, कारण तेथे सांधे शेकडो असतात. शहराचा विस्तार दाखवण्यास हे चित्र उत्तम, परंतु भिंतीची लांबी त्यावरून मोजता येत नाही.

पुढे लखनौ नगरपालिकेत साहाय्यक अभियंता असलेले दरोगा अब्बास अली यांनी १८७४ साली ‘द लखनौ आल्बम’ हा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात शहरातील वास्तूंची ५० छायाचित्रे आणि एक मोठा नकाशा होता. चित्राबरोबर नकाशा द्यावा, हे अभियंत्यालाच सुचावे. कोणती इमारत कोठे होती, हे चित्र आणि नकाशा शेजारी ठेवून पाहता येते आणि या संग्रहाचे मोल त्यामुळेच वाढते.

पश्चिम भारतातही याच सुमारास अशी कामे सुरू होती. १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्याशी संबंधित होते. १८५५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने कॅप्टन थॉमस बिग्ज याच्याकडे पश्चिम भारतातील लेणी, मंदिरे आणि विजापूरच्या वास्तूंच्या छायाचित्रणाचे काम सोपवले. हाताने काढलेल्या रेखाटनापेक्षा छायाचित्र कमी खर्चाचे आणि अधिक अचूक, हा विचार त्यामागे होता.

ही अचूकता त्या काळी लेन्सवर अवलंबून होती. साध्या लेन्समध्ये चित्राच्या कडेजवळील सरळ रेषा पिंपाच्या फळ्यांप्रमाणे बाहेर फुगतात. १८६६ मध्ये लंडनचा डालमायर आणि म्युनिकचा स्टाइनहाइल यांनी एकाच वर्षी, परंतु स्वतंत्रपणे, यावर उपाय शोधला. मधल्या छिद्राच्या पुढे आणि मागे अगदी सारखी दोन भिंगे बसवली, की पुढच्या भिंगाने आणलेला बाक मागचे भिंग नाहीसा करते. डालमायरने तर आपल्या लेन्सच्या नावातच ‘सरळ रेषा’ या अर्थाचा शब्द घातला. सरळ रेषेसाठी लेन्स स्वतःच सममित असावी लागते, ही प्रकाशशास्त्रातील एक सुंदर गोष्ट म्हणावी लागेल.

छायाचित्रावरून मोजमाप

ज्या १८५८ साली बेआतो लखनौत होता, त्याच वर्षी जर्मनीतील वेत्सलार येथे आल्ब्रेख्त मायडेनबाउअर हा तरुण वास्तुविशारद तेथील कॅथेड्रलचे मोजमाप घेत असताना उंचावरून पडता पडता वाचला. जिवावर बेतणारे हे मोजमाप छायाचित्रावरून का करता येऊ नये, असा विचार त्याने केला आणि त्यातून छायाचित्रमापनाचे शास्त्र उभे राहिले. १८८५ मध्ये प्रशियात या कामासाठी सरकारी संस्था स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या जर्मन वास्तूंच्या पुनर्बांधणीत तिच्या काचांचा उपयोग झाला.

या शास्त्राची मूळ अट हीच आहे, की कॅमेरा कोठे होता, किती उंचीवर होता आणि कोणत्या दिशेने होता, हे माहीत असावे. भिंतीशी समांतर आणि पाणसळीत असलेल्या कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रात एखादे माप ठाऊक असले, की त्याच पातळीतील इतर मापे त्रैराशिकाने काढता येतात. दरवाजाची रुंदी ठाऊक असेल तर कमानीची उंची कळते. म्हणूनच वास्तूंची नोंद करणारे छायाचित्रकार भिंतीला टेकून एक मापपट्टी उभी करतात. आता लेसर किरणांनी वास्तूचे लक्षावधी बिंदू टिपता येतात. परंतु पाडल्या गेलेल्या कैसरबागेवर लेसर टाकता येत नाही. तेथे जुन्या काचाच कामी येतात.

दुरुस्ती की बिघाड

संगणकावर किंवा मोबाइलवर झुकलेल्या भिंती एका कळीसरशी उभ्या करता येतात. काही मोबाइल हे काम न विचारताच करतात. यात चित्राचा वरचा भाग ताणला जातो, कडा कापल्या जातात आणि उंची व रुंदीचे प्रमाण बदलते. अर्धवर्तुळाकार कमान थोडी लंबगोल होते. पर्यटकाच्या दृष्टीने हे चालण्यासारखे आहे. पूर्ण उभ्या केलेल्या भिंती उंच इमारतीच्या चित्रात वरच्या बाजूला फुगल्यासारख्या वाटतात, म्हणून काही छायाचित्रकार थोडा झुकाव मुद्दाम राखतात. ही सौंदर्यदृष्टी समजण्यासारखी आहे. नोंदीसाठीच्या चित्रात मात्र तिला स्थान असू नये.

लखनौतील सातखंडा हा मनोरा या यंत्रबुद्धीला चकवणारा आहे. मुहम्मद अली शाह यांनी सात मजल्यांचा मनोरा बांधण्यास घेतला होता. १८४२ मध्ये त्यांच्या निधनानंतर काम थांबले आणि मनोरा चार मजल्यांवरच राहिला. प्रत्येक मजल्यागणिक त्याचा घेर कमी होत जातो. रेषा समांतर करण्याची आज्ञा मिळालेल्या संगणकाला हा घेर कॅमेऱ्याचा दोष वाटू शकतो आणि तो मनोऱ्याला खांबासारखा सरळसोट करू शकतो. त्यामुळे सातखंड्याच्या चित्रात दुरुस्तीसाठी आधार घ्यायचा तो मनोऱ्याच्या कडांचा नव्हे, तर मजल्यांवरील दरवाजांच्या चौकटींचा किंवा शेजारच्या घराच्या भिंतीचा. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराचा चौथरा मध्यभागी किंचित उंचावलेला आहे आणि ताजमहालाचे मिनार किंचित बाहेर झुकलेले आहेत. या वास्तूंच्या कारागिरांनी ओळंब्यापासून जो फरक ठेवला, तो चित्रात पुसला जाऊ नये.

लखनौच्या वास्तूंच्या कडा दगडी वास्तूंइतक्या धारदार नाहीत, हेही लक्षात घ्यावे लागते. विटांवर चुन्याचा गिलावा हाताने चढवलेला आहे. जवळून पाहिले तर एकही छज्जा पट्टीने आखल्यासारखा सरळ नाही. जाळीच्या रेषेवर छज्जा तंतोतंत बसवण्याचा आग्रह धरल्यास छायाचित्रकाराला कॅमेरा विनाकारण कलता ठेवावा लागतो. लांब छज्ज्याची दोन टोके सारख्या उंचीवर आली की थांबणे योग्य. मधला बाक हा गिलाव्याचा, वयाचा किंवा खचलेल्या पायाचा असतो, आणि तो तसाच दिसणे संवर्धन करणाऱ्यांना हवे असते.

याच कारणाने मूळ, अस्पर्श चित्र जपून ठेवणे आवश्यक ठरते. त्यासोबत तारीख, लेन्स, कॅमेऱ्याची उंची आणि भिंतीपासूनचे अंतर एवढ्या चार नोंदी असल्या, तरी पन्नास वर्षांनी कोणी त्यावरून मोजमाप करू शकेल.

प्रकाश आणि परवानगी

सममित इमारतीवर प्रकाश मात्र क्वचितच सममित पडतो. बड्या इमामबाड्याचा दर्शनी भाग उत्तरेकडे आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जात असल्याने तो दिवसभर सावलीत राहतो. पर्यटकांना हे निराशाजनक वाटते, परंतु दोन्ही बाजूंना सारखा मंद प्रकाश मिळण्यासाठी ही स्थिती अनुकूल असते. उन्हाळ्यात सकाळी आणि सायंकाळी तिरपे ऊन एका बाजूच्या नक्षीला उठाव देते आणि दुसरी बाजू झाकोळते. गिलाव्यातील भेगा पाहायच्या असतील तर हेच तिरपे ऊन उपयोगी पडते.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीतील वास्तूंमध्ये तिपाई वापरण्यासाठी सामान्यतः पूर्वपरवानगी लागते. तिपाई नसल्यास कॅमेरा कठड्यावर टेकवता येतो. कॅमेऱ्याच्या तळाला दोरी बांधून तिचे दुसरे टोक पायाखाली दाबले आणि दोरी ताणून धरली, तरी हात बराच स्थिर राहतो. इमामबाड्यांत, विशेषतः मोहरमच्या दिवसांत, धार्मिक विधी चालतात. त्या वेळी मध्यरेषेवर ठाण मांडून बसणे उचित नाही, कारण प्रवेशद्वारापासून मुख्य दालनापर्यंतचा तोच श्रद्धाळूंचा मार्ग असतो.

रूमी दरवाजाखालून अनेक वर्षे वाहनांची ये-जा सुरू होती. बांधकामात भेगा दिसून आल्यानंतर २०२२ च्या अखेरीस दुरुस्तीसाठी तेथील वाहतूक थांबवण्यात आली. या दरवाजाची दोन्ही तोंडे वेगळी आहेत. एका बाजूने अर्ध्या घुमटासारखी प्रचंड कमान आणि तिच्या कडेने फुललेल्या पाकळ्या दिसतात, तर दुसऱ्या बाजूने तीन कमानींची तुलनेने शांत भिंत दिसते. प्रसिद्ध होणारी बहुतेक छायाचित्रे पहिल्या बाजूची असतात. भेगांची वाढ तपासायची तर दोन्ही बाजूंची, त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून आणि त्याच लेन्सने ठरावीक काळाने घेतलेली चित्रे लागतात. त्यासाठी कॅमेरा उभा केलेल्या जागी जमिनीवर खूण करून ठेवण्याची साधी पद्धत आहे.